मखर घरचे, हात घरचे

नारळी पौर्णिमा होऊन गेली, की महाराष्ट्रातील घराघरांतून एक निराळीच लगबग सुरू होते. स्वयंपाकघरात मोदकाच्या पिठीची चिंता, माजघरात पूजेच्या उपकरणांची घासपूस, आणि बाहेरच्या खोलीत, जेथे एरवी मंडळी वर्तमानपत्र चाळीत बसतात, तेथे पुठ्ठे, कात्र्या, बांबूच्या कामट्या, सुतळीचे गुंडे आणि खळीचे पातेले यांचे राज्य पसरते. गणरायाचे मखर होऊ घातलेले असते. जो गृहस्थ वर्षभर भिंतीत साधा खिळा ठोकीत नाही, तोही या दिवसांत कानावर पेन्सिल खोचून मोजपट्टीचा शोध घेत हिंडतो. आणि ज्याच्या हाती मुळातच कसब आहे, त्याला तर जेवणाखाण्याचीही शुद्ध राहत नाही. हरितालिकेच्या रात्री बायका जागरण करतात ते व्रत म्हणून. पुरुषमंडळी जागतात ती बहुधा मखराचा एक खांब अजून उभा राहावयाचा असतो म्हणून!

या उद्योगाला मराठीत एक सुरेख शब्द आहे: हौस. हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो त्याचा अर्थ एवढाच, की तिच्यासाठी घातलेले श्रम कोणी मोजत नाही. ज्यांच्याविषयी येथे लिहावयाचे आहे, ते कोणी नामांकित कलावंत नव्हेत. कोणी कचेरीत कारकून, कोणी शिक्षिका, कोणी निवृत्त यंत्रकामगार, कोणी घर सांभाळणारी गृहिणी. वर्षातून पंधरा दिवस त्यांच्या हातांना कारागिराची दृष्टी येते आणि विसर्जनानंतर ती पुन्हा संसारात मिसळून जाते.

देवाला सजावटीची काय गरज, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी करतोच. प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु षोडशोपचारांचा क्रम आठवून पाहावा. आवाहन झाले, की लगोलग येते ते आसन. बोलावलेल्या पाहुण्यास प्रथम बसावयास द्यावे, मग पाय धुण्यास पाणी, मग पुढचे सारे. मखर हा त्या आसनाचाच गृहस्थाने मांडलेला विस्तार आहे असे म्हटले तर वावगे होणार नाही. आणि पाहुण्याला बसावयाचा पाट आपल्या हाताने मांडण्यात जे अगत्य आहे, ते दुसऱ्याकडून मांडून घेण्यात नाही, हे कोणत्याही मराठी घराला समजावून सांगावे लागत नाही.

मखराचा मान आपल्या भाषेनेही जपला आहे. एखाद्याचे फार कोडकौतुक होऊ लागले, की त्याला मखरात बसविला असे आपण सहज बोलून जातो. गोमंतकातील कित्येक देवळांत नवरात्राच्या रात्री देवाला सजविलेल्या मखरात बसवून वाद्यांच्या गजरात झुलवितात. तो मखरोत्सव पाहण्यास दूरदूरच्या गावांहून माणसे येतात. देवळात जे थाटामाटाने होते, तेच आपापल्या ऐपतीप्रमाणे घरात करावे, ही गृहस्थाची जुनी आस आहे.

रानातले मखर

शहरातील मखर कागदाचे. पण कोकणात आणि गोव्यात देवाच्या माथ्यावरची शोभा रानातून येते. सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. छताखाली टांगलेली एक लाकडी चौकट, आणि तिला सुंभाने बांधलेली त्या ऋतूतील फळेफुले: सुपारीचे घोस, नारळाची पेंड, काकडी, चिबूड, तोरिंगण, आंब्याचे टाळे, रानातली तांबडी कवंडळे, शेरवडाची पांढरी पाने. हे काम सोपे मुळीच नाही. कोणते फळ पाच दिवस टिकेल आणि कोणते तिसऱ्या दिवशीच पाझरू लागेल, जड घोस कोठे बांधावा म्हणजे चौकट कलणार नाही, हे सारे अनुभवानेच कळते. आणि त्याहूनही आधी, ती वेल रानात कोणत्या बांधाला आहे हे ठाऊक असावे लागते. घरातील वडीलधारा मुलाला बरोबर नेऊन ती वेल दाखवितो तेव्हा तो त्याला वनस्पतीचे ज्ञान देतो, गावाची सीमा दाखवितो आणि देवाची तयारीही करवितो. गोवा शासनाचे कला व संस्कृती खाते माटोळीची स्पर्धा भरविते. त्यातून शेकडो प्रकारची वनफळे वापरून देवादिकांचे आकार उभे करणारे हौशी कलावंत पुढे आले आहेत. मात्र माटोळीचे सामान आता बरेचसे बाजारात विकत मिळते, आणि जी वेल विकत मिळते तिचा बांध पुढच्या पिढीला ठाऊक असण्याचे कारण उरत नाही.

कोकणातच आणखी एक रीत आहे, ती घाटावरच्या वाचकांना कदाचित नवी वाटेल. तेथे बाजारातून मूर्ती उचलून आणावयाची नाही. घरचा पाट गावातील गणेशशाळेत पोचवावयाचा आणि त्या पाटावरच मूर्ती घडून घरी यावयाची. कित्येक घरांतून देवाच्या पाठीमागची भिंत रंगवितात. तिच्यावर पुराणातील प्रसंग, वेलबुट्टी, मोर उमटतात. रंगविणारा कधी गावचा चितारी असतो, तर कधी घरातीलच एखादा पोरगा.

देशावर आणि मुंबईकडे मखराचे साहित्य निराळे होते. केळीचे खुंट आणि कर्दळ तर सर्वत्रच. पूर्वी बाशिंगांसाठी आणि देवाच्या अलंकारांसाठी भेंड वापरीत. पाणथळीत वाढणाऱ्या झुडपाचा तो पांढराशुभ्र, हलका गाभा. धारदार पात्याने त्याचे कागदासारखे पापुद्रे निघतात. त्यावर बेगड चिकटविला, की समईच्या उजेडात सारे लखलखू लागे. बेगडाची गंमत अशी, की त्याच्यावरून आपण खोट्या माणसाला बेगडी म्हणतो. पण देवापुढच्या बेगडात लबाडी कोणी पाहिली नाही. सोने परवडत नाही हे देवालाही ठाऊक आणि घरालाही.

लोकमान्य टिळकांनी १८९३ साली या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, आणि मंडपातील देखाव्यांकडे पाहून घरच्या आराशीलाही नवे डोळे फुटले. पुढे मुंबईच्या गिरणगावात आणि गिरगावच्या चाळींत मखर ही साऱ्या मजल्याची गोष्ट झाली. खोली दहा बाय बाराची. तेव्हा मखर गॅलरीतच बनावयाचे, येणाजाणाऱ्याने थबकून दोन सूचना करावयाच्या, आणि ज्याच्या घरी कात्री चांगली त्याने ती पाच घरी फिरवावयाची. गेल्या वर्षी ज्याने कमळाचे मखर केले, त्याच्याकडून पाकळीचा नमुना जुन्या वर्तमानपत्रावर उतरवून न्यावयाचा. त्याने तो द्यावयाचा, आणि देताना, 'खालची पाकळी अर्धा इंच रुंद घ्या हो, नाहीतर बसत नाही,' असेही सांगावयाचे. मखर करणाऱ्यांत विद्या लपवून ठेवणारा फारसा आढळत नाही. उलट, आपली युक्ती दुसऱ्याच्या घरी वापरलेली पाहून जो आनंद होतो, तो स्वतःच्या मखराच्या कौतुकानेही होत नाही.

पांढरा पाहुणा

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या साऱ्या साहित्याला मागे सारून एक पांढरा पाहुणा घरात आला. त्याचे नाव थर्माकोल. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे फुगविलेले दाणे एकमेकांस चिकटून झालेला हा पदार्थ. त्याच्या आकारमानात बहुतेक भाग हवेचाच. वजन नाही, किंमत थोडी, कापावयास सोपा. थर्माकोलला आज सरसकट नावे ठेवण्याची चाल आहे. परंतु न्यायाने बोलावयाचे तर त्या काळातही घरोघरच्या हातांनी त्यावर असामान्य काम केले. नायक्रोमची तार ताणून, तिच्यातून थोडी वीज सोडून ती तापवावयाची आणि लोण्यातून सुरी फिरावी तशी थर्माकोलच्या फळीतून फिरवावयाची, हे यंत्र कितीतरी हौशी मंडळींनी घरीच जुळविले होते. देवळांची शिखरे, नक्षीदार कमानी, जाळीच्या खिडक्या त्या तारेतून उतरल्या. तो उग्र वास आणि डोळ्यांची आग मात्र सोसावी लागे, आणि त्या धुरात बसणे आरोग्याला बरे नव्हते, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

अडचण उत्सवानंतरची होती. थर्माकोलचे मखर घडी होत नाही. माळ्यावर ठेवावे तर कोपरे मोडतात. मग ते देवाबरोबरच चौपाटीवर, नाही तर नदीकाठी जाई. वास्तविक उत्तरपूजेनंतर विसर्जन असते ते मूर्तीचे. मखराला त्यात स्थान नाही. पण ते डोळ्यांआड करण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता. मूर्ती पाण्यात जाते ती पृथ्वीची पृथ्वीला मिळावी म्हणून. आणि तिच्याच मागोमाग असा पदार्थ जाई, की जो पाण्यात विरत नाही आणि मातीत कुजत नाही, फक्त तुटून तुटून बारीक होत जातो आणि माशांच्या पोटी जातो.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर सजावटीच्या थर्माकोललाही बंदी घातली. मखरांचे व्यावसायिक न्यायालयात गेले. परंतु त्या वर्षीच्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सवलत देण्यास नकार दिला. उत्सव तोंडावर आलेला, आणि दोन पिढ्यांना ज्याची सवय झाली ते साहित्य एकाएकी नाहीसे झाले. तेव्हा घरातील म्हाताऱ्या मंडळींना पुन्हा मान आला! खळ कशी शिजवावी, कामटी कशी तासावी, कागदाची चुणी कशी पाडावी, हे प्रश्न घेऊन नातवंडे आजोबांपुढे बसली.

त्या जुन्या विद्येतील काही गोष्टी येथे नोंदवून ठेवणे उपयोगाचे होईल.

प्रथम खळ. एक वाटी मैद्याला चार ते पाच वाट्या पाणी. मैदा आधी थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा आणि मगच मंद आचेवर ठेवून सारखा ढवळावा. पांढरेपणा जाऊन किंचित पारदर्शक झाली, की खळ झाली. झुरळ-मुंगी लागू नये म्हणून जुने लोक तीत चिमूटभर मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे. तेव्हा ते पातेले पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये, आणि लहान मुले खळीत हात घालणार असतील तर मोरचूद घालूच नये, रोजच्या रोज ताजी खळ करावी.

दुसरे, पुठ्ठा. वस्तूंच्या खोक्यांचा पन्हळी पुठ्ठा घरोघरी फुकट पडलेला असतो आणि मखराला त्याच्यासारखे साहित्य नाही. पण त्याच्या पन्हळी कोणत्या दिशेने गेल्या आहेत हे पाहिल्याशिवाय कात्री लावू नये. खांबाला पन्हळी उभ्या हव्यात, म्हणजे तो भार घेतो. कमानीला त्या आडव्या, म्हणजे वाकाच्या रेषेला काटकोनात येणार नाहीत अशा, म्हणजे ती न मोडता गोलाई घेते. घडी घालावयाची तेथे चाकूच्या बोथट पाठीने रेघ ओढावी. आणि एका बाजूला रंगीत कागद चिकटविला, तर दुसऱ्या बाजूलाही साधा कागद चिकटवावा. भाद्रपदातील दमट हवेत एकाच बाजूने खळ लावलेला पुठ्ठा दुसऱ्या दिवशी पापडासारखा वाकतो, आणि दोष मात्र पुठ्ठ्याच्या जातीला दिला जातो.

तिसरे, दिवा. हे सर्वांत महत्त्वाचे. कागदाचे मखर आणि तेवते निरांजन यांच्यात हात-दीड हाताचे अंतर ठेवावे, आणि मखराच्या कमानीला झालर असेल तर आरतीचे तबक फिरते तेथवर ती येऊ देऊ नये. कापराची ज्योत वाटते त्याहून उंच उठते. पूर्वीच्या विजेच्या माळांचे दिवे तापत. आजचे एलईडी पुष्कळ कमी तापतात, तरी त्यांच्या तारा कागदाच्या घडीत दाबून बसवू नयेत. क्रेप कागदाचा आणखी एक दुर्गुण असा, की पाण्याचा थेंब लागला की त्याचा रंग सुटतो. पंचामृताच्या शिंतोड्याने शुभ्र मूर्तीवर तांबडा ओघळ आलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगावयास नको.

मखर सुट्या भागांचे करावे. दोन खांब, एक कमान, एक पाठ. सारे खाचांत बसणारे, चिकटविलेले नव्हे. उत्तरपूजेनंतर ते दहा मिनिटांत घडी होऊन जुन्या धोतरात गुंडाळले जाते, आणि पुढच्या वर्षी नुसता कागद बदलला की नवे होते. पाठ तेवढी खोलीबाहेर जाणाऱ्या दरवाज्याहून रुंद करू नये, हा सल्ला हास्यास्पद वाटेल. पण तो द्यावा लागतो.

बंदीने काय साधले?

आता एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. बंदीने पदार्थ बदलला. सवय बदललीच असे नाही. थर्माकोलच्या दिवसांत घरी मखर करण्याची चाल कमी होऊन तयार मखर आणण्याची चाल पडली होती. आज त्याच दुकानांतून पुठ्ठ्याचे, कापडाचे, लाकडी चौकटीचे तयार मखर मिळते. त्याबरोबर प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळाही येतात, आणि त्यांचे तर थर्माकोलशी सख्खे नाते आहे. ज्यांना वेळ नाही, शरीर साथ देत नाही, ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी तयार मखर आणले तर त्यात अणुमात्र उणेपणा नाही. श्रद्धेने मांडलेल्या साध्या चौरंगावरही गजानन तितक्याच संतोषाने बसतो. ते मखर बनविणाऱ्या कारागिरांच्या घरीही चतुर्थी असतेच. परंतु जेथे हात आहेत, हौस आहे, घरात दोन मुले रिकामी बसली आहेत, तेथेही केवळ सोय म्हणून देवाचे आसन विकत यावे, याने नदी कदाचित वाचेल. घर मात्र एका गोष्टीला मुकेल. कारण मखर करताना जे घडते ते मखराहून मोठे असते. वडील आणि मुलगा यांच्यात एरवी जेवढे बोलणे होते, ते आपणां सर्वांना माहीत आहे! पण एकाने कमान धरावयाची आणि दुसऱ्याने सुतळी आवळावयाची असली, की 'जरा वर घे', 'बाबा, तुमची बाजू कललीय' असे दोन शब्द होतातच, आणि त्या दोन शब्दांच्या आधाराने पुष्कळ न बोललेले सरळ होते.

सुदैवाने चित्र सर्वस्वी निराश करणारे नाही. शाळा, ग्रंथालये आणि निरनिराळ्या संस्था चतुर्थीपूर्वी शाडूची मूर्ती घडविण्याचे वर्ग भरवितात आणि त्यांना सहकुटुंब माणसे येतात. पार्थिव गणेशाचे पूजन म्हणजे मुळात मातीच्याच मूर्तीचे पूजन. तेव्हा स्वतः माती मळून मूर्ती करणे ही नवी टूम नव्हे, तो व्रताच्या मुळाकडे जाण्याचा मार्ग आहे.

आठ-नऊ इंची बैठ्या मूर्तीला साधारण दोन ते तीन किलो शाडू लागते. बहुतेकांची पहिली मूर्ती तडकते, आणि त्याचे कारण बहुधा घाई असते. माती सुकताना आकसते. बाहेरचा थर उन्हाने पटकन सुकला आणि पोट ओले राहिले, की दोहोंची ओढाताण होऊन तडा जातो. म्हणून मूर्ती सावलीत सुकवावी, पहिले दोन दिवस तिच्यावर ओलसर फडके ठेवावे, आणि बैठकीखालून पोट थोडे कोरून पोकळ करावे. सोंड आणि हात जोडावयाचे तेथे दोन्ही बाजूंना काडीने चरे पाडून, मध्ये पातळ कालवलेली माती लावावी. नुसते दाबून चिकटविलेले हात सुकल्यावर गळून पडतात. रंगाला गेरू, हळद, खडू पुरेसे आहेत. घरी केलेल्या गणपतीचे डोळे नेमके समांतर येत नाहीत, एक कान मोठा होतो. तरीही प्राणप्रतिष्ठेच्या वेळी ज्या मुलाने ती सोंड वळविली त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.

शाडू मुख्यतः गुजरातेतून येते. ती आपल्या अंगणातील माती नव्हे आणि तिचा साठा अक्षय नाही. तेव्हा घरच्या बादलीत विसर्जन केल्यावर, रात्रभरात मूर्ती विरली, की ती माती टाकून देऊ नये. वरचे पाणी निथळून, राहिलेला गाळ फडक्यात बांधून सुकवावा. पुढच्या वर्षी भिजवून मळला की पुन्हा तीच मूर्तीची माती. ती सगळी तुळशीच्या कुंडीत ओतण्याचा सल्ला दिला जातो, तो मात्र सद्भावनेचा असला तरी चुकीचा आहे. शाडू चिकट, कुंडीतील पाण्याचा निचरा तीमुळे अडतो आणि रोपाची मुळे गुदमरतात. पुण्यात तर विसर्जित शाडू गोळा करून ती मूर्तिकारांकडे परत पोचविण्याचे उपक्रम चालले आहेत.

प्लास्टरच्या मूर्तीविषयी फार लिहीत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याने घट्ट होऊन त्याचा जिप्सम बनतो, आणि तो पाण्यात इतका हळू विरघळतो, की अनंत चतुर्दशीनंतर काठावर जे दिसते ते पाहवत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशी मूर्ती घरीच विरघळविण्याची रीत काढली. खाली खडूसारखा साका बसतो आणि वरचे पाणी खताला चालते. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक दिली. मात्र न्यायालयाच्या परवानगीवाचून त्या नैसर्गिक जलाशयांत विसर्जित करण्यास मनाई केली. म्हणजे ज्याला वाहत्या पाण्यात देव पोचवावयाचा आहे, त्याने मातीकडेच वळावे.

आतापर्यंत जे सांगितले ते बरेचसे पुरुषांच्या हातचे झाले. पण मखर उभे राहण्याच्या कितीतरी आधी, घरातील एखादी आजी पायांशी कापसाची टोपली घेऊन बसलेली असते. सरकी काढलेला कापूस पिंजून, बोटांत चिमटून मणी पाडावयाचे, मधला धागा पिळीत न्यावयाचा, ठिकठिकाणी कुंकवाचे बोट टेकवावयाचे: ही गेजवस्त्रे आणि वस्त्रमाळा. सोळा उपचारांत वस्त्राचा उपचार येतो तेव्हा गुरुजी हात पुढे करतात आणि ती माळ देवाच्या गळ्यात जाते. एवढ्या क्षणासाठी दुपारच्या दुपार गेलेल्या असतात. आताशा काही जणी या माळांत मोती, जर, रंगीत लोकर गुंफून मोठमोठे हार करतात, शेजारणींना शिकवितात, हळदीकुंकवाला नमुने एकमेकींना दाखवितात. दिसतात ते फार देखणे. परंतु नुसता कापूस आणि कुंकू यांचे जुने गेजवस्त्र निर्माल्यात गेले तर मागे काही ठेवीत नाही, आणि प्लॅस्टिकचा मोती ठेवतो, एवढे भगिनींनी ध्यानात घ्यावे.

गौरी आल्या, की याच हातांची परीक्षा असते. कोठे नदीकाठचे पाच-सात खडे, कोठे तेरड्याची जुडी, कोठे मुखवटे आणि उभ्या गौरी. उभ्या गौरीला नऊवारी नेसविणे हे मखराहून अवघड काम. आत धड नाही, तरी निऱ्या सारख्या पडल्या पाहिजेत, पदर खांद्यावरून घसरता कामा नये. ही विद्या पुस्तकात नाही. सासूने सुनेला, जावेने जावेला, पिना तोंडात धरून, अर्धे बोलून अर्धे दाखवून दिलेली आहे. म्हणून ज्या घरात कोणी थोरली आहे तेथे यंदा गौरी नेसविताना धाकट्यांना नुसते आरतीला बोलावू नये. निऱ्या धरावयाला बसवावे.

विसर्जनानंतर पाट रिकामा दिसतो आणि खोली एकाएकी मोठी वाटू लागते. सुट्या भागांचे मखर असेल तर ते गुंडाळून माळ्यावर जाईल. ज्या कामट्या उरतील त्या मात्र हाताशीच ठेवाव्यात. दिवाळी दीड-दोन महिन्यांवर असते आणि षट्कोनी कंदिलाला त्या नेमक्या पुरतात. कामटी रात्रभर पाण्यात ठेवली, की मोडत नाही. सांगाडा सुताने बांधावा, तारेने नव्हे. तार गंजून पतंगाच्या कागदावर डाग उमटतात. कागद चिकटविण्यापूर्वी दिव्याला आत-बाहेर जाण्यापुरती वाट वरच्या अंगाला ठेवली आहे ना, एवढे एकदा पाहून घ्यावे, आणि झिरमिळ्या कापण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्याकडे द्यावे.